पाचवा बोगदा

सायकल-सहली काढणाऱ्या त्या ऑफिसात भिंतभर नकाशे लावलेले होते. टेबलामागच्या माणसाचा डावा खांदा जरा खाली उतरलेला होता. कधीकाळी तो शर्यतीत उतरायचा, तिथेच पडून हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं, असं त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं.

"आता तुम्ही खरं सांगायचं," तो म्हणाला. "या खुर्चीत बसलं की लोक दहा वर्षांनी तरुण होतात. मग तिसऱ्या दिवशी मला फोन येतो, गाडी पाठवा म्हणून."

ताई हसली. छोटी हसली नाही.

छोटी म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी. वय सत्तेचाळीस, निम्मे केस पांढरे, तरी घरच्यांनी नाव काही मोठं केलं नव्हतं. बावीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. मुलं तिला बसमावशी म्हणत. ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळून दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालेली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सायकल चालवा, पण चढ नको, असं सर्जननं बजावलं होतं. डावा गुडघाही कुरकुरायला लागला होता. तो पुरता बसायच्या आत बहिणी-बहिणींनी एकदा सायकलवरून हिंडून यावं, असं ताईच्या मनात बरेच दिवस घोळत होतं.

"सपाट रस्ता हवा," ताई म्हणाली. "आणि मला कुठला हवाय ते घरूनच ठरवून आलेय. जुनी रेल्वेलाईन."

त्या लाईनवर गाड्या बंद होऊन वीस वर्षं झाली होती. रूळ काढून तिथे सायकलींची वाट केली होती. आगगाडीचीच वाट ती, चढ असून नसल्यासारखा. दोघींचे वडील त्याच लाईनवर सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरीला होते.

माणसानं नकाशावर बोट ठेवलं. "उत्तम निवड. पाच दिवस, रोज तीस किलोमीटर. सात बोगदे. मुलांना तर बोगदेच आवडतात."

छोटीनं नकाशा स्वतःकडे ओढला. "नदीकाठचा रस्ता काय वाईट आहे? तोही सपाटच आहे."

"बंधाऱ्याचं काम चालू आहे. दोन महिने बंद."

"मग हा वरचा. घाटाचा."

ताईला वाटलं, ही थट्टा करतेय. पण छोटीचा चेहरा तसा नव्हता.

"अगं, नऊशे मीटर चढ आहे तो," ताई म्हणाली. "माझा गुडघा तुला माहीत नाही का?"

"हळूहळू जाऊ. उतरून ढकलू."

"बाबांची लाईन बघायची म्हणून मी इथवर आले, आणि तू मला घाटात सायकल ढकलायला लावतेस?"

"बाबा, बाबा! केबिन पाडून झाली तिथली. काय बघणार आहेस?"

माणूस उगीच पेन्सिलीला टोक काढू लागला. ताईनं पर्स उचलून मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. ती रागावली असती तर छोटीला बरं वाटलं असतं. पण ताई हळूच एवढंच म्हणाली, "तुझ्या पायांत अजून जोर आहे. तुला माझ्याबरोबर रखडायचं नसेल तर तसं सांग."

यावर बोलण्यासारखी एकच गोष्ट छोटीकडे होती, आणि तीच तिला बोलायची नव्हती.

"तसं नाही गं," ती म्हणाली. "चल. लाईन तर लाईन."

माणसानं दोन अर्ज पुढे केले. दमा, चक्कर, हृदयविकार, कान, डोळे. काही त्रास असल्यास लिहा. छोटीनं 'काही नाही' म्हणून रेघ ओढली आणि सही ठोकली.

आठ महिन्यांपूर्वी ती दुसऱ्या शहरात जाऊन एका डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून आली होती. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबच्याला. त्याच्या आधीपासून तिला अंधारात चाचपडायला होत होतं. चित्रपटगृहात एकदा ती चक्क परक्या बाईच्या मांडीवर बसली होती आणि घरी येऊन तिनं ते हसत हसत सांगितलंही होतं. डॉक्टर हसला नाही. तो म्हणाला, डोळ्यांच्या आतला पडदा कडेकडेनं झिजतोय. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं. समोरचं शेवटपर्यंत राहील कदाचित, पण नळीतून बघावं तसं. गाडी चालवता का? तिनं सांगितलं, कधीमधी. सहा महिन्यांनी नजरेचा घेर मोजायला या, तोवर चालवू नका. ती गेली नाही.

तिनं फक्त संध्याकाळच्या फेऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकल्या. दिवसा मला सगळं दिसतं, ती स्वतःला बजावायची. रोज डोळ्यांत तेल घालून चालवायची, मान सारखी इकडून तिकडे वळवायची. मुलं तिची नक्कल करायची, आणि ती आरशात बघून हसायची. मागच्याच महिन्यात शाळेच्या फाटकाला बसचा डावा आरसा घासला. धुकं होतं, असं तिनं सांगितलं. धुकं होतंच. पण फाटकही बावीस वर्षांपासून तिथेच होतं.

निघायच्या आधीचे दहा दिवस छोटीनं त्या बोगद्यांचाच अभ्यास केला. सहलीच्या पुस्तिकेत लांबी दिली होती. पहिला साठ मीटर, दुसरा नव्वद. तिसरा, चौथा मध्यम, आत दिवे. पाचवा चौदाशे मीटर, वळणाचा. तिनं डोळे दिपतील असा दिवा विकत घेतला. ताईच्या सायकलला मागे लाल लुकलुकता दिवा स्वतः बसवून दिला.

"किती गं काळजी करतेस," ताई म्हणाली. ऑफिसातला अबोला त्या एका दिव्यानं सुटला. छोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो दिवा ताईसाठी नव्हताच. त्याच्याकडे बघत बघत आपल्याला पलीकडे जाता यावं म्हणून होता.

पहिले दोन दिवस ठीक गेले. ताई रमली होती. दगडी पूल आला की उतरायची, कठड्याला हात लावायची. "इथे गाडी शिट्टी द्यायची," म्हणायची. बोगदा आला की छोटी म्हणायची, "तू हो पुढे, मी आलेच," आणि लाल ठिपका धरून मागोमाग जायची. बाहेर पडेपर्यंत तिची पाठ घामानं भिजलेली असायची. रात्री खोलीत ती पुस्तिका पुन्हा उघडायची. चार झाले. तीन राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पाचवा बोगदा आला. बाहेर रणरणतं ऊन. तोंडाशी पाटी लटकत होती: मधल्या भागातले दिवे बंद आहेत, स्वतःचा दिवा वापरावा, डाव्या बाजूनं जावं.

"थांबायचं का जरा?" छोटीनं विचारलं.

"कशाला? आत गार असेल," म्हणून ताईनं पॅडल मारलंसुद्धा.

उन्हातून आत शिरताच छोटीच्या डोळ्यांपुढे काहीच राहिलं नाही. दिव्याचा झोत जमिनीवर एका ताटाएवढा पडत होता. त्या ताटाबाहेर जग नव्हतंच. लांब लाल ठिपका लुकलुकत होता. तिनं त्याला नजरेनं घट्ट धरलं. छतातून पाणी ठिबकत होतं. कुठूनतरी गार वारा येत होता, पण कुठून ते कळत नव्हतं. डावीकडे भिंत आहे, ती मनात घोकत होती, डावीकडे भिंत आहे. भिंतीला घासू नये म्हणून तिचा हात आपोआप हँडल जरासं उजवीकडे ओढत होता.

वळण आलं आणि लाल ठिपका गेला.

"ताई!"

आवाज भिंतींवर आपटून चारी बाजूंनी परत आला. ताईनं पुढून काहीतरी उत्तर दिलं, हसल्यासारखं. छोटीनं जोरानं पॅडल मारलं. ठिपका गाठायचाच, एवढंच तिच्या डोक्यात होतं. समोरून घंटी वाजली. पुन्हा वाजली, जवळून. एका पुरुषाचा आवाज आला, "अहो बाई, अहो...!"

धक्का बसला तो पुढच्या चाकाला. लोखंडावर लोखंड घासलं. ती स्वतः आडवी झाली, कोपर आपटलं, आणि त्याच वेळी अगदी हाताजवळ एक लहान मूल किंचाळलं.

"मिनू! मिनू, कुठे लागलं?" तो पुरुष सायकल फेकून धावला. त्याच्या विजेरीच्या उजेडात छोटीला पहिल्यांदा ती मुलगी दिसली. सात-आठ वर्षांची. अंगात पिवळंधमक जाकीट, उजेड पडला की चमकणारं. तिच्या छोट्या सायकलचा पुढचा दिवा अजूनही चालू होता, छताकडे तोंड करून.

"दिसत नाही का तुम्हाला?" बाप ओरडला. "मधला पट्टा ओलांडून सरळ आमच्या बाजूला आलात! एवढा दिवा लावलाय पोरीनं, आंधळ्यालासुद्धा दिसेल!"

दिवा लावलेला होता. जाकीट पिवळं होतं. मुलगी एका हाताच्या अंतरावर होती आणि छोटीच्या लेखी ती तिथे नव्हतीच.

ताई मागे वळून आली. अशा वेळी आधी कोणाकडे बघायचं हे तिला कोणी सांगायला नको होतं. मुलीचं हेल्मेट तसंच ठेवून मान, हात, बोटं तपासली. "कोपर सोललंय, मनगट शाबूत आहे. नाव सांग बरं तुझं. वाढदिवस कधी?" मुलगी हुंदके देत सांगू लागली. सगळी वरात सायकली ढकलत बोगद्याबाहेर आली. तिथे एक जुनं स्टेशन होतं, आता प्रवाशांना बसायला मोकळं ठेवलेलं. ताईनं जखम धुऊन पट्टी बांधली. छोटी बापाची माफी मागत राहिली. तो तिच्याकडे बघतही नव्हता. ताईनं स्वतःचा नंबर लिहून दिला, संध्याकाळी उलटी झाली किंवा झोप आवरेनाशी झाली तर थेट इस्पितळात न्यायला सांगितलं. बाप-लेक गेले.

ताई छोटीसमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही."

"ताई, मला काही झालेलं नाही, नुसतं कोपर..."

"नाकाकडे बघ." ताईनं दोन्ही हात बाजूंना पसरले. "मी कुठल्या हाताची बोटं हलवतेय?"

ताईनं हात जवळ आणले. आणखी जवळ. तळहात जवळजवळ छोटीच्या गालांना लागले तेव्हा ती म्हणाली, "उजव्या."

ताईचे हात तसेच हवेत राहिले. मग तिनं ते खाली घेतले आणि एकमेकांत गुंतवले.

"कधीपासून?"

छोटीनं सगळं सांगितलं. चित्रपटगृह, डॉक्टर, न केलेली तपासणी, संध्याकाळच्या फेऱ्या. छोटीला वाटलं, आता ताई जवळ घेईल. पण ताईचा पुढचा प्रश्न वेगळाच होता.

"बसमध्ये किती मुलं असतात?"

"एकतीस."

"आणि फाटकाला आरसा घासला, म्हणालीस ना मागे? त्या फाटकाशी मुलं उभी असतात की नाही?"

छोटीनं मान खाली घातली.

"फोन कर."

"ताई, सुट्टी संपू दे. सोमवारी जाऊन समोरासमोर सांगते. फोनवर कसं..."

"सोमवारी सकाळी बस कोण काढणार?"

"मीच, पण..."

"तू करतेस, की मी करू?"

"नोकरी जाईल गं माझी! मला दुसरं काय येतं? बावीस वर्षं तेच केलंय!" छोटी ओरडलीच. "तुझं ठीक आहे, तू मानानं घरी बसलीस!"

ताई उठली, फलाटाच्या कडेपर्यंत गेली, परत आली.

"बाबा पन्नासाव्या वर्षी केबिन सोडून पार्सलच्या खोलीत गेले," ती म्हणाली. "तू आठ वर्षांची होतीस. पगार कमी झाला, आई महिनाभर धड बोलली नाही त्यांच्याशी. सगळे म्हणत, काहीतरी चूक केली असणार, हाकललं. पण बदलीचा अर्ज मी वाचला होता. त्यांच्याच अक्षरात होता. कारण लिहिलं होतं, 'प्रकृतीचे'. आणि दिवेलागण झाली की ते भिंतीला हात लावून चालायचे. आम्हाला वाटायचं, थकलेत."

"म्हणजे बाबांनासुद्धा...?"

"मला माहीत नाही. आता विचारायला कोणी उरलं नाही. माझ्या मुलांचेही डोळे तपासून घ्यावे लागतील, तेवढं मात्र कळतंय." ताईचा आवाज चिरकला. "तीस वर्षं मी लोकांची तोंडं बघून दुखणं ओळखलं. आणि माझ्या बहिणीनं माझ्या मागे दिवा लावला, तो कशासाठी, ते मला कळलं नाही."

छोटीनं फोन काढला. शाळेच्या बसगाड्या बघणाऱ्या साहेबांचा नंबर तिला पाठ होता, तरी दोनदा चुकला.

"बोला, बसमावशी! कशी चाललीये सुट्टी?"

"साहेब, सोमवारपासून माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर द्या. माझे डोळे गेलेत."

पलीकडे हसण्याचा आवाज आला, मग थांबला. "म्हणजे?"

तिनं सांगितलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"आठ महिने."

"आठ महिने." साहेबांनी ते शब्द परत उच्चारले. "माझा मुलगा तुमच्या गाडीत असतो."

"हो. तिसऱ्या बाकावर."

"सोमवारी चाव्या आणून द्या," साहेब म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

छोटी रडली नाही. आतून कोणीतरी सगळं सामान काढून नेलं असावं, तशी ती बसून राहिली. ताई तिच्या शेजारी बसली, आणि आता मात्र तिनं हात धरला.

अजून दोन बोगदे बाकी होते आणि दोन दिवस. ताईनं ऑफिसात फोन लावून गाडी मागितली. वाकड्या खांद्याचा माणूस तासाभरात स्वतःच आला. हकीकत ऐकून त्यानं आधी छोटीला चांगलं झापलं. "रेघ ओढलीत तुम्ही अर्जावर. मी त्या रेघेवर विश्वास ठेवून तुम्हाला आत सोडलं. त्या पोरीचं डोकं भिंतीवर आपटलं असतं तर?" छोटीनं ते निमूट ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर त्यानं गाडीच्या पुढच्या झाकणावर नकाशा पसरला.

"आता खरं सांगा. काय झेपतं?"

"मला चढ झेपत नाही," ताई म्हणाली.

"मला अंधार झेपत नाही," छोटी म्हणाली. "आणि दिवसासुद्धा एकटीनं चालवू नये मी. पाय मात्र चांगले आहेत."

"आणि बघायचं काय आहे?"

"ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ताई म्हणाली. "लाईन बघायची होती."

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "बोगद्यांच्या बाहेरून एक रस्ता जातो, डोंगराच्या कुशीतून. उजेडातला आहे, लाईन सारखी खाली दिसत राहते. पण चढ आहे थोडा. माझ्याकडे एक जोडसायकल आहे. पुढची चालवते, मागची नुसतं पॅडल मारते. मागे हँडल असतं, पण ते वळत नाही."

त्यानं ती सायकल मागवून घेतली तेव्हा छोटीनं तिचं मागचं हँडल वळवून बघितलं. बावीस वर्षांत ती कधी कुणाच्या मागे बसली नव्हती. नवऱ्याच्या स्कूटरवरसुद्धा चालवायला तीच असायची, आणि तो लोकांना सांगायचा, मला ड्रायव्हर पगारावाचून मिळालाय.

"चालेल?" ताईनं विचारलं.

"नाही चालणार," छोटी म्हणाली. "पण बसते."

पहिला अर्धा तास दोघींनी एकमेकींना शिव्या घातल्या. छोटी मागून सारखी तोल सावरू बघायची, न वळणारं हँडल वळवायची, आणि सायकल झोकांडायची. "तू चालवू नकोस!" ताई ओरडायची. "तू ब्रेक आधी सांग!" छोटी ओरडायची. एकदा दोघी गवतात पडल्या. चढ लागला तेव्हा ताईनं पाय सैल सोडले. छोटी दात-ओठ खाऊन रेटत राहिली, मांड्या पेटल्या, श्वास पुरेना, पण सायकल थांबली नाही. खाली डावीकडे लाईन होती. ती मान पूर्ण वळवल्यावर तिला दिसली.

सोमवारी तिनं चाव्या दिल्या. मुख्याध्यापिकांनी सगळं लेखी मागितलं, तारखांसकट, आणि तिनं तसं दिलं. शुक्रवारी पालकांची सभा झाली. ताई बरोबर येते म्हणाली. छोटीनं तिला बाहेर बसायला सांगितलं. नोकरी गेली होतीच. कुणी तिच्याविरुद्ध तक्रार करायची म्हणत होतं, कुणी म्हणत होतं, निदान स्वतःहून सांगितलं तरी. एक आई उठली. तिची मुलगी रोज पहिल्या बाकावर बसायची.

"तुम्हाला झोप कशी लागायची?" तिनं विचारलं.

"लागत नव्हती," छोटी म्हणाली.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

छोटीनं घरून उत्तर तयार करून आणलं होतं. ते तिला आठवलंही. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे, जेवढा दिसत होता तेवढ्याकडे बघून ती म्हणाली, "स्वतःपुरतं बघितलं मी. तुमच्या मुलांचं नाही बघितलं."

बाई खाली बसली. तिनं माफ केलं नाही, तसा प्रश्नही नव्हता. सभा पुढच्या विषयाकडे वळली. छोटी बाहेर आली तेव्हा दिवे लागायला आले होते. ताई पायरीवर गुडघा चोळत बसली होती. ती उठली आणि तिनं कोपर पुढे केलं. छोटीनं ते धरलं, आणि दोघी फाटकातून रस्त्यावर आल्या.